लुओकाकांची ड्यूटी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर माझा धंदा मी कोणाला सांगत नाही. कंपन्या मला त्यांच्याच इमारतीत घुसायला बोलावतात. कुलूप तोडायचं नाही, कोणाला हात लावायचा नाही. नुसतं आत शिरायचं, नको तिथे जाऊन एक फोटो काढायचा आणि परत येऊन लिहून द्यायचं, की बघा, तुमच्या दारावरची माणसं अशी झोपलेली आहेत. खिशात कंपनीचंच एक पत्र असतं. पकडले गेलो तर ते दाखवायचं, म्हणजे पोलीस येत नाहीत. एकवीस वर्षं मी हेच करतेय, आणि बाई असल्याचा मला फायदाच झालाय.

शिन्चू शहरातली ती कंपनी दुसऱ्यांची कागदपत्रं आणि संगणकातला माल सांभाळायची. नाव विचारू नका. तिथले मॅनेजर च्वांग साहेब काम देताना म्हणाले, "दारावर लुओ म्हणून एक म्हातारा आहे. खडूस. पण मागे एका ठिकाणी त्याच्या हातून माणूस आत गेलाय. यावेळी तुम्ही आत पोचलात, तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवणार. पहारेकरी पुरवणाऱ्या ठेकेदाराला मी तसं सांगूनच ठेवलंय."

मागे एका ठिकाणी आत गेलेला तो माणूस म्हणजे मीच होते. चार वर्षांपूर्वी, ताओयुआनच्या एका गोदामात. पोटाला उशी बांधून गेले होते, आठव्या महिन्यातली बाई म्हणून. बाहेर ऊन मी म्हणत होतं. लुओकाकांनी स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत बाथरूमला सोडलं. मी अहवालात दोन ओळी लिहिल्या आणि आठवड्यात त्यांची नोकरी गेली. त्रेसष्टाव्या वर्षी कोण देतो हो काम? बायकोचे डोळे गेल्यात जमा, मूलबाळ नाही. ही शिन्चूची नोकरी त्यांना कशी मिळाली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक, आणि ही गेली तर पुढे काही नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. वाईट वाटलं का? वाटलं. तरी मी काम घेतलं.

दिवस निवडला सातव्या महिन्यातली पौर्णिमा, दुपारी तीनची वेळ. त्या दिवशी सगळ्या कंपन्या दाराबाहेर टेबल मांडतात, ही कंपनीही मांडायची. लाल कापड, त्यावर उकडलेली कोंबडी, मांसाचे गोळे, शेवयांची पाकिटं, थंड पेयांचे डबे. टेबलाच्या पायाशी पाण्याचं घमेलं, त्यावर नवा टॉवेल आणि कंगवा. लांबून चालत आलेल्या भाऊमंडळींनी आधी तोंड धुवावं म्हणून. त्यांना भूत म्हणायचं नसतं. ज्यांना मागे कोणी नाही ते या महिन्यात फिरतात, त्यांना पोटभर वाढायचं, कागदाचे पैसे जाळायचे आणि वाटेला लावायचं. पण सगळं बाहेर. दाराच्या आत एक घास जाता कामा नये.

आणि त्या महिन्यात पूर्ण नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. ऐकणारा नाव उचलतो म्हणतात. म्हणून त्या कंपनीतली माणसं पूजेला बाहेर येताना गळ्यातली कार्डं काढून दाराशी एका वेताच्या टोपलीत टाकायची, कार्डावरचं नाव कोणाला वाचता येऊ नये म्हणून. ज्या कार्डाने आतली सगळी दारं उघडतात ते कार्ड, तासभर, उघड्यावर! मी हे हेरलं तेव्हा माझा जोडीदार फान गाडीत हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

"ताई, यांनी चोराला घरबसल्या आमंत्रण धाडलंय की!"

"तोंड आवर. आजच्या दिवशी असलं बोलू नये."

"अगं बाई! तू मानतेस हे?"

"माझी आई मानायची. मी कामापुरतं मानते."

पेयवाल्याचा निळा शर्ट, टोपी आणि तोंडाला मास्क एवढं माझं सोंग. डब्यांची दोन खोकी हातगाडीवर घालून मी निघाले. शिन्चूचा वारा नेहमीचाच, पण त्या दुपारी तो मधेच थांबायचा आणि मग उदबत्त्यांचा धूर जागच्या जागी साचून राहायचा. सत्तर-ऐंशी माणसं हात जोडून उभी होती. बोलत कोणीच नव्हतं.

"ए बाई! कुठे निघालीस?" लुओकाका दारातून खेकसले. वाळले होते पार. चार वर्षांपूर्वी खुर्ची देणारा माणूस हाच, यावर विश्वास बसला नसता.

"डबे आणलेत काका. आत ठेवायचेत."

"आत काय तुझं सासर आहे? बाहेर ठेव. टेबलाखाली. आणि चालू पड."

"पावतीवर सही..."

"सही नाही नि बिही नाही. चालू पड म्हटलं ना!"

मी मुकाट्याने खोकी टेबलाखाली सरकवली. वाकले तेव्हा घमेल्यातलं पाणी हललं. टॉवेल ओला होता आणि पिळून, नीट घडी करून परत ठेवलेला होता. कोणाचे तरी हात खराब झाले असतील, धुतले असतील, असं मी मनाशी म्हटलं.

उदबत्त्या विझत आल्या तशी लोकं परतायला लागली. तेवढ्यात वारा सुटला. कागद जाळायच्या लोखंडी पिंपातून जळते तुकडे उडून टेबलाच्या कापडावर पडले. लुओकाका दार सोडून तिकडे धावले. मला एवढंच हवं होतं.

आमच्या धंद्यात नवशिके दुसऱ्याने दार धरण्याची वाट बघतात. मी स्वतः दार धरते. जी बाई हसून सगळ्यांसाठी दार धरते तिला कोण विचारणार, की बाई तू कोण? दोन्ही हातात ताटं घेतलेली माणसं माझ्या अंगावरून आत गेली, वर थँक्यू म्हणाली. मी मान खाली घालून, टोपलीतलं एक कार्ड मुठीत दाबून, प्रत्येकाला म्हणत होते, "या... या ना आत." मान वर करायची नाही हा नियम. आपण चेहरा बघितला की समोरचाही आपला बघतो.

शेवटचे दोघं गेले. मी दार सोडणार, तर समोर अजून कोणीतरी उभं आहे असं वाटलं. फरशीवर सावली नव्हती, पण ओल्या टॉवेलचा वास अगदी नाकाशी आला. माझी मान खालीच. तोंडातून सवयीने निघून गेलं, "या ना, तुम्हीच राहिलात. या आत."

दार माझ्या हातात जरासं जड झालं आणि मग हलकं झालं.

"कोणाला आत घेतलंस?" पिंपापाशी लुओकाका ओरडले. "ए बाई! कोणाला आत बोलावलंस तू?"

मला वाटलं, पकडली गेले. मी दार सोडलं आणि झपाझप आत चालू लागले. मागे त्यांची ओरड चालूच होती, पण टेबलाचं कापड पेटलं होतं आणि ते सोडून त्यांना येता येईना.

जिना उतरून तळघर. पांढरेशुभ्र दिवे, ओळीने बंद खोल्या, दुपारचे साडेतीन वाजलेले. यात घाबरण्यासारखं काय आहे सांगा? पण माझ्या प्रत्येक पावलामागे ओल्या तळव्याचा एक चपकारा यायचा. मी थांबले की तोही थांबायचा. फान असेल म्हणावं, तर फान बाहेर गाडीत. मी मागे वळून पाहिलं नाही. धीट होते म्हणून नव्हे हो, हिंमतच झाली नाही.

कोपऱ्यावर पिंजरा होता. काचेची उभी पेटी, माणूसभर रुंद, एक दार बाहेरच्या बाजूला आणि एक आतल्या. कार्ड लावलं की पहिलं दार उघडतं, आपण आत उभं राहायचं, ते मागे बंद होतं, पायाखालची फरशी आपलं वजन करते आणि माणूस एकच आहे अशी खात्री पटली की मगच पुढचं दार उघडतं. पिंजऱ्यापलीकडची खोली हीच माझी परीक्षा. तिथे पोचून फोटो काढला की संपलं. माझं काम संपलं आणि लुओकाकांची नोकरी पण.

मी कार्ड लावलं, आत गेले, दार मागे लागलं. समोर लाल आकडा उमटला. त्रेपन्न. माझं वजन.

मग चोपन्न. साठ. आकडा सावकाश चढत होता. कोणीतरी आधी एक पाय टेकवावा, त्यावर भार द्यावा, मग दुसरा उचलून आत घ्यावा, तसा. अठ्ठ्याण्णववर येऊन तो थांबला.

"कृपया एका वेळी एकच व्यक्ती," यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली.

मी पहिलं दार ढकललं. हललं नाही. दुसरं तर हलणारच नव्हतं. पेटीत उदबत्तीचा आणि ओल्या कापडाचा वास कोंदला. माझ्या डोक्याच्या वर, हातभर उंचीवर, काचेवर वाफेचा एक गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला.

"कृपया एका वेळी एकच व्यक्ती."

मी भिंतीवरच्या इंटरकॉमचं बटण दाबलं. वर काउंटरवर लुओकाकांनी उचललं. ते धापा टाकत होते.

"काका... मी चाचणीसाठी आलेय. कंपनीचं पत्र आहे माझ्याकडे. दार उघडा."

"मास्क काढ."

मी काढला. वर कॅमेरा होता.

"उशीवाली," ते म्हणाले. "तूच होय... माझी ही पण भाकर घ्यायला आलीस?"

"काका, मला बाहेर काढा. मी सगळं नीट लिहीन. पाया पडते."

"तुझ्या मागे कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग तो माझ्याकडे बघून मान का हलवतोय?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "...ए पोरी. मागे बघू नकोस. सरळ उभी राहा. दोघं असताना हे दार माझ्याच्याने उघडत नाही. यंत्रच तसं आहे. तू आत बोलावलंस ना त्याला? आता तूच सांग त्याला, जा म्हणून. हळू सांग. मानाने सांग."

मानाने सांगायचं राहिलं बाजूला. माझ्या मानेवर, केसांच्या मुळाशी, काहीतरी गार आणि ओलं टेकलं. टॉवेलचं टोक असेल, बोट असेल, मला माहीत नाही. मी किंचाळले. समोर बटणाखाली एक पाटी होती, ड्यूटीवरच्या माणसाच्या नावाची. माझ्या डोळ्यांपुढे तेवढंच होतं आणि मी तेच ओरडले.

"लुओ जिन-फा! लुओ जिन-फा! दार उघडा, लुओ जिन-फा!"

"नाव घेऊ नकोस!" ते वरून ओरडले. "नाव नको... अगं, हे काय केलंस..."

आकडा खाली आला. चढला होता तसा हळूहळू नाही, एका झटक्यात. त्रेपन्न. हाक आल्यावर माणूस लगबगीने उठून जातो ना, तसा. माझ्यामागची जागा मोकळी झाल्याचं मला पाठीला कळलं. वर इंटरकॉमवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि लुओकाका अगदी दबक्या आवाजात कोणालातरी म्हणाले, "कोण आपण?"

मग पहिलं दार उघडलं.

वर आले तेव्हा ते काउंटरला धरून उभे होते. शर्ट अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे. काउंटरच्या आत फरशीवर पाणी होतं. मी पाण्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं.

"काका, तुम्ही मला पकडलंत. मी तेच लिहिणार आहे. तुमची नोकरी कुठे जात नाही."

"तुझी दया तुझ्यापाशी ठेव." त्यांचे दात वाजत होते. "पकडलंच होतं मी तुला. खरं असेल तेच लिही. आणि नीघ इथून. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

मी खरं तेच लिहिलं. बाई आत शिरली, पण पहारेकऱ्याने पहिल्याच क्षणी ओरडून हटकलं, पिंजऱ्यात अडकवलं, ओळख पटेपर्यंत सोडलं नाही. कार्डाच्या टोपलीबद्दल लिहिलं. बाकीचं लिहायला रकाना नव्हता. फानने कागद वाचला आणि म्हणाला, "ताई, म्हाताऱ्यावर बरीच माया दाखवलीस." मी त्याला गप्प बस म्हटलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणाची तरी नोकरी मी वाचवली होती. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी शांत झोपले.

सतरा दिवसांनी सकाळी शेवटच्या बैठकीला गेले. काउंटरपाशी लुओकाका उभे. कपडे कडक इस्त्रीचे, केस ओले करून नीट भांग पाडलेले. मी घाबरतच पुढे झाले. आता शिव्या खाव्या लागणार. पण ते हसले, त्यांनी ना कार्ड विचारलं ना सही मागितली, नुसतं दार उघडून धरलं.

"मानलं तुमच्या अहवालाला," च्वांग साहेब चहा पुढे करत म्हणाले. "मी या माणसाला काढायला निघालो होतो! सतरा दिवसांत एक खाडा नाही. सुट्टी घेत नाही, जेवायला जात नाही, खुर्चीत बसत नाही. दिवसभर पायावर उभा. आजकाल अशी माणसं मिळतात कुठे?"

मी चहा तसाच ठेवून बाहेर आले. फाटकाजवळ, उन्हात, एक म्हातारी बाई भिंत चाचपत उभी होती. हातात कापडात बांधलेला डबा.

"कोण आहे? बाई, जरा ऐकता का?" ती म्हणाली. "दारावरच्या माणसाला एवढं द्याल? मला नीट दिसत नाही, पायऱ्या कळत नाहीत."

"कोणाला द्यायचंय काकू?"

"नाव नाही हो माहीत. माझ्या नवऱ्याच्या जागी उभा राहतोय बिचारा. पूजेच्या दिवसापासून आमचे हे अंथरुणाला खिळलेत. उठवतच नाही. मी म्हटलं, गेली नोकरी. भीतभीत फोन केला, तर एकजण म्हणतो, काळजी करू नका, लुओ कामावर आहेत. म्हणजे बघा, कोणीतरी भला माणूस सांभाळून घेतोय! आमचं घर त्याच्यावर चाललंय. कालच मी तांदळाचे वडे केले, म्हटलं, निदान हातावर काहीतरी..."

मी काचेकडे बघितलं. काकूंच्या पाठीमागे दहा पावलांवर, दाराच्या आत, लुओकाका उभे होते. आमच्याकडेच बघत होते.

"काकू," मी म्हटलं, "काकांना राजीनामा द्यायला सांगा. आजच. मी बोलते साहेबांशी, दुसरीकडे काम बघते मी त्यांच्यासाठी..."

"अगं बाई, असं काय बोलता!" तिने माझा हात घट्ट धरला. "पाया पडते, साहेबांना काही सांगू नका. ही गेली तर आम्ही दोघं कुठे जाणार? होतील ते बरे. नुसता ताप आहे. आणि पाय. दिवसभर अंथरुणात असतात, पण संध्याकाळ झाली की रडतात पाय दुखतात म्हणून. उभं राहून राहून दुखतात म्हणतात. तापात काहीतरी बडबड असेल, म्हणून मी हात लावून बघितलं... तर खरंच सुजलेले असतात हो. हे एवढे."

त्यांची नोकरी मीच तर वाचवली होती, माझ्या सहीने. मी डबा घेतला, तिला तिथेच सावलीत उभं केलं आणि परत गेले. दार आधीच उघडून धरलेलं होतं. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता मी हात लांब करून डबा पुढे केला.

त्याने तो घेतला नाही. माझ्या खांद्यावरून बाहेर, सावलीतल्या काकूंकडे बघत राहिला. मग वाकून, लुओकाकांच्याच आवाजात, अगदी मवाळपणे म्हणाला,

"तिला सांग, त्याचे पाय आज नीट शेकून ठेव. उद्यापासून माझी डबल ड्यूटी आहे."